इंग्रजीचं कूळ आणि मूळ शोधायचं तर

पाचवीत इंग्रजी सुरू झालं तेव्हा स्पेलिंग पाठ करायची आमची एक गावठी पद्धत होती. शब्द जसा लिहिलाय तसा मराठीसारखा वाचून टाकायचा. नाइट (सरदार या अर्थाचा, ‘के’ने सुरू होणारा) म्हणजे ‘क्निघ्ट’, नाइफ म्हणजे ‘क्निफे’ आणि वेन्सडे म्हणजे ‘वेड-नेस-डे’. हे चूक आहे हे आम्हालाही ठाऊक होतं, पण स्पेलिंग चुकत नसे, मार्क मिळत.

पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं की हजार वर्षांपूर्वीचे इंग्रज बुधवारला जवळजवळ ‘वोडनेस-डॅय’च म्हणत. वोडन या देवाचा दिवस. नाइटमधला ‘क’ आणि ‘जी-एच’च्या जागचा घशातून येणारा ‘ख’, हे दोन्ही इंग्रज कवी चॉसरच्या काळात, म्हणजे चौदाव्या शतकात, उच्चारले जात. तेव्हाचा लंडनकर आमची घोकंपट्टी ऐकून हसला नसता. बरीचशी त्याला कळलीही असती.

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. भाषेला ही म्हण लागू नाही. इंग्रजीचं कूळ शोधायला मराठी माणसाकडे निम्मं सामान आधीपासूनच असतं: थोडंफार संस्कृत कानावर पडलेलं असतं, तीन लिंगं आणि सामान्यरूप अंगवळणी पडलेलं असतं आणि फारसीच्या थराखाली दबूनही उभी राहिलेली स्वतःची भाषा असते. इतिहासाच्या पुस्तकाच्या पहिल्या पानापासून सुरुवात केली तर अँगल्स, सॅक्सन्स आणि जूट्स या टोळ्यांच्या गर्दीत दुसऱ्या आठवड्यात कंटाळा येतो. माझं दोनदा तसं झालं. तिसऱ्यांदा मी एकेका शब्दापासून सुरुवात केली आणि मग ते सुटलं नाही. खाली सांगतोय ती तीच पद्धत.

आधी सामान

एक शंभर पानी वही घ्या. प्रत्येक शब्दाला अर्धं पान द्या. फोनवर दोन गोष्टी हाताशी ठेवा: एटिमऑनलाइन ही फुकट संकेतस्थळावरची व्युत्पत्तीची यादी आणि विक्शनरी. ऑक्सफर्डचा मोठा कोश या विषयातला शेवटचा शब्द. त्याचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि शेवटचा १९२८ साली. प्रत्येक अर्थ पहिल्यांदा कधी लिहिला गेला, त्याचा दाखला सालासकट देणं ही त्याची खासियत. ऑनलाइन आवृत्तीला पैसे पडतात, त्यामुळे आधी महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौकशी करा. मराठी बाजूसाठी मोल्सवर्थचा कोश आणि कृ. पां. कुलकर्णींचा व्युत्पत्तिकोश पुरेसे आहेत.

कोशातली नोंद वाचताना एक भेद पहिल्या दिवसापासून पक्का ठेवा. ‘अमुक भाषेतून आला’ असं लिहिलं असेल तर तो उसना शब्द. ‘अमुक शब्दाचा सगोत्र’ असं लिहिलं असेल तर ती भावंडं. एकाने दुसऱ्याकडून काही घेतलेलं नाही, दोघांचं घराणं एक. व्हॉट्सअॅपवरचे ‘इंग्रजी संस्कृतातून जन्मली’ छापाचे निरोप नेमके इथे घसरतात. डॉटर हा शब्द ‘दुहितृ’पासून आला नाही. डॉटर आणि दुहितृ या बहिणी आहेत, आणि त्यांच्या आईने मागे एकही अक्षर लिहून ठेवलेलं नाही.

हे नातं जगापुढे ठळकपणे मांडलं गेलं ते कलकत्त्यात. १७८६ साली एशियाटिक सोसायटीपुढच्या भाषणात न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाने यावं इतकं थोडं नाही; त्यांचा उगम एकच असावा आणि तो बहुधा आता उरलेला नसावा. इंग्रजी ज्या जर्मानिक शाखेची, तीही याच कुळातली असावी, असा अंदाज त्यांनी त्याच भाषणात बोलून दाखवला.

एका शब्दाचं पूर्ण खोदकाम

पहिला शब्द साधा घ्या. मी ‘विंडो’ घेतला होता.

नोंद सांगते की हा शब्द इंग्रजांचा नाही, तो स्कँडिनेव्हियातून आलेल्या व्हायकिंग दर्यावर्दींच्या नॉर्स भाषेतला: ‘विंदाउगा’. विंद म्हणजे वारा, आउगा म्हणजे डोळा. वाऱ्याचा डोळा! आता दोन्ही तुकडे मागे न्या. ‘विंद’चा सगोत्र संस्कृत ‘वात’ आणि ‘आउगा’चा ‘अक्षि’. इथे मी थांबलो, कारण वहीत पुढे आपोआप ‘गवाक्ष’ लिहिलं गेलं होतं. गवाक्ष म्हणजे बैलाचा डोळा. भिंतीतल्या भोकाला डोळा म्हणायचं दोन टोकांच्या लोकांना वेगवेगळं सुचलं होतं. इथे कुणी कुणाचं उसनं घेतलेलं नाही.

खोदकाम अजून संपलेलं नाही. व्हायकिंग येण्याआधी इंग्रज खिडकीला काय म्हणत? ‘एआगथिरेल’, म्हणजे डोळा-भोक. पुन्हा डोळाच. तो शब्द मेला. पण ‘थिरेल’, म्हणजे भोक, नाकात लपून राहिलं. नॉस्ट्रिल म्हणजे ‘नोस-थिरेल’, नाकाचं भोक.

अर्ध्या पानात मावलेला हा मजकूर पाहिलात तर त्यात जुनी इंग्रजी आली, व्हायकिंगांची स्वारी आली, मेलेला शब्द आला आणि लपून राहिलेला तुकडाही आला. प्रत्येक शब्दाला हेच चार प्रश्न विचारायचे: तो घरचा की उसना? उसना असेल तर कुणाकडून आणि साधारण कधी? त्याच्या आधी त्या जागी कोण होतं? त्याचे भाऊबंद आज कुठे आहेत? रोज एक शब्द, वीस मिनिटं. रविवारी सुट्टी.

चार खुंट्या

वीसेक शब्द झाले की मग तारखा. त्याआधी नको. तारखा म्हणजे भिंतीतल्या खुंट्या. टांगायला कपडे नसतील तर खुंट्या कशाला?

पहिली खुंटी पाचव्या शतकाची. बीड या भिक्षूने दिलेलं परंपरेचं साल ४४९. आजच्या डेन्मार्क, उत्तर जर्मनीच्या किनाऱ्यावरून अँगल्स, सॅक्सन्स आणि जूट्स ब्रिटनमध्ये उतरले. त्यांच्या बोलींतून जुनी इंग्रजी घडली. ती आजच्या इंग्रजाला कळत नाही, पण तिचं व्याकरण मराठी माणसाला परकं वाटत नाही. तीन लिंगं होती, विभक्ती होत्या, ‘आम्ही दोघं’ यासाठी संस्कृतासारखं द्विवचनी सर्वनाम होतं. सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी आणि ‘वीफ’, म्हणजे आजची वाइफ, चक्क नपुंसकलिंगी. इंग्रज विद्यार्थी याला हसतात. आपल्याकडे जुनी माणसं बायकोला ‘आमचं कुटुंब’ म्हणत, त्यामुळे आपण हसायचं कारण नाही.

दुसरी खुंटी ७९३ सालची, इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या लिंडिसफार्नच्या मठावरचा व्हायकिंगांचा छापा. पुढे ते लुटून परत जाण्याऐवजी राहायलाच आले. विंडो, स्काय, नाइफ, हजबंड, लॉ हे शब्द त्यांचे. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे ‘दे’, ‘देम’, ‘देअर’ ही सर्वनामंही त्यांचीच. शेजाऱ्याकडून विरजण कुणीही मागून आणतो, पण ‘ते’ आणि ‘त्यांचे’ कोण उसनं आणतं? दोन्ही लोक रोजच्या व्यवहारात एकमेकांत किती मिसळले होते हे यावरून दिसतं. इंग्रजीची विभक्तिरूपं झिजायला या सरमिसळीने हातभार लावला, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे.

तिसरी खुंटी १०६६. हेस्टिंग्जच्या लढाईत फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या नॉर्मंडीचा विल्यम जिंकला आणि दरबाराची भाषा फ्रेंच झाली. हा भाग समजायला आपल्याला पुस्तकाची गरज नाही. कोर्टाच्या पायरीवर उभे राहा आणि कानावर पडणारे शब्द मोजा: वकील, फिर्याद, अर्ज, जामीन, तारीख. सगळे फारसीच्या वाटेने आलेले. इंग्लंडात तसेच जज, ज्युरी, कोर्ट, प्रिझन, क्राइम फ्रेंचमधून आले. हात, पाय, घर, पाणी, खाणं, झोपणं मात्र आपल्याकडे आपलंच राहिलं, तसंच त्यांचं हँड, फूट, हाउस, वॉटर, ईट, स्लीप. सत्ता बदलली की कचेरीची भाषा बदलते. न्हाणीघर आणि चूल यांची लवकर बदलत नाही. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला. इंग्लंडात १३६२ साली न्यायालयात इंग्रजी बोलावी असा कायदा झाला. गंमत म्हणजे तो कायदा फ्रेंचमध्येच लिहिलेला आहे.

या थरांचा एक सराव जरूर करा. मराठीत वाट, रस्ता, मार्ग असे तीन शब्द आहेत: एक घरचा, एक फारसी, एक संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला. वाट पायाखालची, रस्ता नगरपालिकेचा, मार्ग मोक्षाचा. इंग्रजीत असंच आस्क, क्वेश्चन, इंटरॉगेट. आस्क आई करते, क्वेश्चन वकील करतो, इंटरॉगेट पोलीस करतात. पहिला घरचा, दुसरा फ्रेंच, तिसरा थेट लॅटिन. इंग्रजी वर्तमानपत्रातला एक परिच्छेद घ्या आणि घरचे, नॉर्स, फ्रेंच, लॅटिन असे शब्द चार रंगांनी अधोरेखित करा. क्रिकेटच्या बातमीचा आणि अग्रलेखाचा रंग किती वेगळा दिसतो ते बघा.

चौथी खुंटी १४७६, विल्यम कॅक्स्टनचा वेस्टमिन्स्टरमधला छापखाना. तिच्याकडे स्पेलिंगच्या वेळी येऊ.

दात घासताना शिकायचा नियम

सकाळी हातात टूथपेस्ट असते. दात दुखला की डेंटिस्ट. टूथ, डेंटिस्टमधला डेंट आणि आपला दात, तिन्हींचं मूळ एक. मग टूथ इतका वेगळा का?

याकोब ग्रिम या जर्मन अभ्यासकाने १८२२ साली त्याची रीत मांडून दाखवली. जर्मानिक शाखा वेगळी होताना तिची व्यंजनं ठरावीक पद्धतीने सरकली. जुना ‘प’ झाला ‘फ’, ‘त’ झाला दातांत जीभ धरून म्हणायचा ‘थ’, ‘द’ झाला ‘त’, आणि ‘क’ झाला ‘ह’. जर्मानिक ‘त’ म्हणजे आपल्या कानांना ऐकू येणारा इंग्रजी ‘ट’. आता लावून पाहा. पितृ, फादर. पद, फूट. त्रि, थ्री. दश, टेन. दंत, टूथ, यात ‘द’चा ‘ट’ झालाच, शेवटच्या ‘त’चा ‘थ’देखील झाला. ‘क’ला आपल्या बाजूने पुष्कळदा ‘श’ सापडेल, कारण संस्कृतानेही मधल्या काळात स्वतःची वाट धरली: शत, हंड्रेड, श्वान, हाउंड.

नियमाचा खरा उपयोग पुढे आहे. लॅटिन भाषेत हा बदल झालाच नाही. त्यामुळे इंग्रजीत जिथे जुनं व्यंजन शाबूत दिसेल, तो शब्द बहुधा मागाहून लॅटिन किंवा फ्रेंचकडून उसना आणलेला. फादर घरचा, पॅटर्नल उसना. फूट घरचा, पेडल उसना. थ्री घरचा, ट्रिपल उसना. टूथ घरचा, डेंटल उसना. हंड्रेड घरचा, सेंच्युरी उसना. अशा दहा जोड्या स्वतः शोधा. कोश न उघडता शोधा, मग कोशात पडताळा. माझ्या पहिल्या दहांतल्या तीन चुकल्या होत्या, आणि नियम पक्का झाला तो त्या तिघांमुळे.

एक जोडी मला अजून आवडते. नाइट, म्हणजे रात्र. तिच्यातल्या मुक्या ‘जी-एच’च्या जागी एके काळी ‘ख’ होता आणि त्याच्याही मागे ‘क’. संस्कृतात तो ‘क’ जिवंत आहे: नक्त. दिवसभर उपास करून रात्री जेवायचं व्रत ते नक्त. एटचंही तसंच, लॅटिनमध्ये ऑक्टो, आपल्याकडे अष्ट.

एकच ओळ, चार वेळा

आता मूळ मजकुराला हात घाला. त्यासाठी ख्रिस्ती लोकांची ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना सगळ्यात सोयीची, कारण तिचे सगळ्या काळांतले तर्जुमे मिळतात आणि अर्थ आधीच ठाऊक असतो.

साधारण इसवी सन १००० मध्ये ती अशी म्हटली जाई: ‘फॅडर ऊरे, थू थे एआर्त ऑन हेओव्होनुम, सी थीन नामा येहालगोद.’ मोठ्याने वाचा. फॅडर कळला. ‘हेओव्होनुम’मध्ये हेवन आहे आणि शेवटचं ‘उम’ म्हणजे विभक्तिप्रत्यय, ‘स्वर्गांत’. ‘नामा’ तर आपलं नामच. ‘येहालगोद’मध्ये होलीचा भाऊ हॅलो (म्हणजे पवित्र मानणं; फोनवरचा नव्हे) आहे, तोच पुढे हॅलोवीनच्या तोंडाशी बसला.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस, वायक्लिफच्या बायबलात: ‘ऊर फाडिर थॅट आर्त इन हेव्हनेस, हालेविद बी थी नामे.’ प्रत्यय झडलेत, त्यांची कामं ‘इन’सारखे सुटे शब्द करू लागलेत. १६११ च्या, राजा जेम्सच्या आज्ञेने झालेल्या भाषांतरात: ‘अवर फादर विच आर्ट इन हेवन, हॅलोड बी दाय नेम.’ ही शाळकरी पोरालाही कळेल. फक्त माणसाला ‘हू’ऐवजी ‘विच’ म्हटलंय, तेव्हा ते चालत असे. आणि चौथी आजची, ज्यात दाय जाऊन युअर येतो.

‘दाय’ आणि ‘दाऊ’ यांपाशी थोडं रेंगाळा. दाऊ म्हणजे तू. ‘त’चा ‘थ’ होतो हे आठवा, मग त्वम् आणि दाऊ शेजारी दिसतील. ‘यू’ मूळचं अनेकवचन, आदरार्थी म्हणून एकाला वापरू लागले, अगदी आपल्या ‘तुम्ही’सारखं. पुढे सगळे सगळ्यांना तुम्ही म्हणू लागले आणि तू हरवला. शेक्सपिअरच्या नाटकात एखादं पात्र वाद घालताना यूवरून दाऊवर घसरतं तेव्हा काय झालं हे आपल्याला न सांगता कळतं. ‘अहो’वरून ‘ए’वर आलेलं भांडण आपण ऐकलेलं असतं.

स्पेलिंग म्हणजे जुना फोटो

साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीचे दीर्घ स्वर एकामागून एक सरकले. त्याआधी टाइमला ‘तीम’, हाउसला ‘हूस’, मूनला ‘मोन’ आणि नेमला ‘नाम’ म्हणून शेवटी अर्धवट ‘अ’ लावत. कॅक्स्टनचा छापखाना या सरकासरकीच्या मध्येच सुरू झाला. अक्षरं जुळवणाऱ्यांनी जुने उच्चार खिळ्यांत अडकवून ठेवले आणि तोंडं पुढे निघून गेली. इंग्रजी स्पेलिंग वेडगळ आहे असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ते लहानपणीच्या फोटोसारखं आहे. चेहरा जुळत नाही, पण माणूस तोच.

सरदारवाल्या नाइटच्या ‘के’ला सतराव्या शतकाअखेरपर्यंत आवाज होता. याउलट डेट, म्हणजे कर्ज, यातला ‘बी’ कधीच उच्चारला गेला नाही. फ्रेंचकडून आलेल्या ‘देत’ला लॅटिनच्या ‘देबितुम’सारखं भारदस्त दिसावं म्हणून पंडितांनी तो मागून डकवला. आयलंडमधला ‘एस’ तर सरळ चूक. शब्द घरचा होता, पण फ्रेंच आइलचा नातेवाईक समजून त्याला एस चिकटवला. म्हणून वहीत मुक्या अक्षरांचे दोन गट करा: एके काळी बोलत होती ती, आणि जन्मतःच मुकी असलेली.

शब्दांची धावपळ तेव्हा किती होती ते कॅक्स्टननेच १४९० च्या एका प्रस्तावनेत सांगितलंय. दक्षिण इंग्लंडमधल्या केंटच्या किनाऱ्यावर एका व्यापाऱ्याने घरच्या बाईकडे ‘एग्ज’ मागितली. ती म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तो चिडला, कारण त्यालाही येत नव्हतं. दुसऱ्याने ‘आयरेन’ मागितली तेव्हा तिला कळलं, अंडी हवी आहेत. एग हा उत्तरेकडचा नॉर्स शब्द, आयरेन दक्षिणेकडचा जुना. बाजी उत्तरेने मारली.

नात्याचा भास

इथवर आलात की सगळीकडे साम्य दिसू लागतं. हा ताप सगळ्यांना येतो. उतारा म्हणून ‘बदनाम’ हा शब्द घ्या.

बदनाम, बॅड नेम. दोन्ही तुकडे जुळतात आणि अर्थही जुळतो. पण फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा काडीचाही संबंध नाही. जुनी रूपं मागे नेली तर ती एकमेकांपासून दूर जातात. निव्वळ योगायोग. ‘नाम’ आणि ‘नेम’ मात्र सख्ख्या कुळातले. एकाच शब्दात एक तोतया आणि एक खरा वारस. बेटर आणि बेहतर हीसुद्धा तोतयाचीच जोडी.

कसोटी सोपी आहे. आजची रूपं जुळतात का ते पाहू नका, सापडतील तितकी जुनी रूपं जुळतात का ते पाहा. आणि एकच शब्द नको, तसाच आवाज बदललेले आणखी चार-पाच शब्द हवेत. खरे नातलग पुष्कळदा एकमेकांसारखे दिसतच नाहीत. अष्ट आणि एट बघा.

आपल्या किनाऱ्यावरून गेलेले

शेवटी उलटा प्रवास. लोक इथे लूट, बंगलो, जंगल यांची यादी देऊन थांबतात. १८८६ सालचा हॉब्सन-जॉब्सन हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश जालावर फुकट आहे, तो चाळताना वेळ कसा जातो कळत नाही. पण मला जास्त भावतात ते साहेबाच्या कितीतरी आधी गेलेले. पेपर, म्हणजे मिरी, हा शब्द पिप्पलीपासून ग्रीक, लॅटिन करत जुन्या इंग्रजीत ‘पिपोर’ म्हणून पोचला, तेव्हा इंग्रज व्यापारी हिंदुस्थानात यायला कित्येक शतकं बाकी होती. शुगरच्या पोटात शर्करा आहे, वाटेत फारसी, अरबी आणि फ्रेंच. ऑरेंज म्हणजे नारंग. वाटेत कुठेतरी त्याचा पहिला ‘न’ गळाला.

आणि मराठीतून गेलेला एक. मंगूस, आपलं मुंगूस. स्पेलिंगच्या शेवटी ‘गूस’, म्हणजे हंस, दिसतो म्हणून इंग्रजी पोरं त्याचं अनेकवचन ‘मंगीस’ करून बसतात. गूसचा सगोत्र संस्कृत ‘हंस’च आहे, पण मुंगसाशी त्याचा संबंध नाही. आजच्या वहीतलं अर्धं पान याच शब्दाला द्या: घरचा की उसना, कुणाकडून, कधी, आणि त्यातला हंस खरा की तोतया.